हवेतला सीओटू, तापमानवाढ आणि आपले वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ-नऊ वर्षं मी या विषयावर बोलत फिरतो. कॉलेजांत बोललो, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोललो, एकदा कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध आटेपर्यंत बोललो. श्रोते बदलतात, प्रश्न तेच असतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, काही खरोखर पडलेले. दोन्ही इथे घेतले आहेत.

एक आधीच सांगतो. ‘हवामान बदल’ या एका नावाखाली तीन वेगवेगळी भांडणं चालतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड (सीओटू) हा वायू वाढला का आणि कोणामुळे, हे पहिलं. त्यानं नेमकं काय आणि किती बिघडेल, हे दुसरं. आणि खर्च कोणी सोसायचा, हे तिसरं. पहिलं केव्हाच मिटलंय, दुसरं निम्मंअर्धं मिटलंय. तिसरं मात्र चांगलंच जिवंत आहे, आणि आपल्या सभा बहुतेक वेळा पहिल्यातच संपतात.

कार्बन डायऑक्साइड वाढतोय हे मोजलं कोणी?

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मोजणी सुरू केली. आसपास गाव नाही, कारखाना नाही, जंगलसुद्धा नाही. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू मिळाले. याच मापाला पीपीएम म्हणतात. पुढे नुसता आकडा आला तर तो हाच समजा. मे २०१३ मध्ये ४०० ची वेस ओलांडली गेली. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर होती, आणि मे २०२५ मध्ये महिन्याची सरासरी पहिल्यांदाच ४३० च्या पुढे गेली.

हा आलेख सरळ चढत नाही, करवतीच्या दात्यांसारखा चढतो. मे महिन्यात शिखर, सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. उत्तर गोलार्धातली झाडं त्यांच्या उन्हाळ्यात पालवतात आणि वायू ओढून घेतात, पानगळीत तो परत देतात. पृथ्वीचा श्वासच म्हणा. फरक एवढाच, की दर वर्षीचं शिखर आदल्या वर्षीपेक्षा वर असतं.

‘ते हवाईत झालं, आपल्याकडे काय?’ असं एका मुलीनं विचारलं होतं. दक्षिण गोव्यात काबो द रामला १९९३ पासून काही वर्षं समुद्रावरून येणारी हवा काचेच्या बाटल्यांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत पाठवत. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो तेव्हा आकडा उतरतो, हिवाळ्यात वारा जमिनीवरून येतो तेव्हा चढतो. पुढे २००९ च्या सुमारास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, सिंहगडावर नमुने घ्यायला सुरुवात केली. आपण पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातो, तोच सिंहगड. वरखाली होण्याची तऱ्हा जागोजागी निराळी, चढ मात्र सगळीकडे तोच.

त्याआधीचा हिशोब बर्फात आहे. अंटार्क्टिकात तीन किलोमीटरहून खोल भोक पाडून काढलेल्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यांच्यावरून ८ लाख वर्षांची नोंद मिळाली. एवढ्या काळात आकडा साधारण १८० ते ३०० या पट्ट्यातच हलत होता. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो २८० होता.

वाढला असेल, पण तो माणसाचाच कशावरून? ज्वालामुखी नाहीत का?

आहेत. पण जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात, तो माणसाच्या शंभर भागांतला एखादा भाग. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून आपण वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो.

पुरावा मात्र नुसत्या बेरजेवर टेकलेला नाही. कार्बनचे तीन भाऊ आहेत: १२, १३ आणि १४. चौदा नंबरचा किरणोत्सारी. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं, त्यामुळे त्यात तो उरलेलाच नसतो. तेरा नंबरचा जरा जड. वनस्पती तो कमी घेतात, म्हणून वनस्पतींपासून झालेल्या कोळशातही तो कमी. आता हवेत तेराचं प्रमाण घटत चाललंय. चौदाचं घटणं हान्स झ्यूस या शास्त्रज्ञानं १९५५ मध्ये झाडांच्या वलयांवरून दाखवलं होतं (नंतर अणुचाचण्यांनी या चौदाच्या खात्यात बराच गोंधळ घातला, ते सोडा). ज्वालामुखीच्या वायूत चौदा नसतो, पण तेरा असा कमी नसतो. शिवाय काही जळलं की ऑक्सिजन खर्च होतो. कीलिंग यांचा मुलगा राल्फ यानं ऑक्सिजन मोजायला घेतला, आणि तो खरंच हळूहळू कमी होतोय. श्वास घ्यायला कमी पडेल इतका नाही, घाबरू नका. पण ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून नुसता वायू बाहेर पडला असता, तर ऑक्सिजन अशा हिशोबानं घटला नसता.

किराणा दुकानदाराला हेच मी गल्ल्यावरून सांगतो. तुम्ही रोज गल्ल्यात शंभर टाकता आणि रात्री पन्नासच वाढलेले दिसतात. मग बाकीची मंडळी गल्ल्यात पैसे टाकतायत की काढतायत? आपण सोडलेल्यापैकी जवळपास निम्माच वायू हवेत उरतो. उरलेला समुद्र आणि जंगलं गिळतात. निसर्ग सध्या घेणारा आहे.

आपण श्वासातूनही हाच वायू सोडतो. मग लोकसंख्या हेच खरं कारण नाही का?

माणूस दिवसाला साधारण किलोभर सोडतो, हे खरं. पण तो कार्बन आला कुठून? भाकरीतून. भाकरी ज्वारीची, आणि ज्वारीनं तो गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला. याच खिशातून त्या खिशात. कोळशाचा कार्बन या फेऱ्यात नव्हताच, तो आपण खणून आणला.

एक लिटर पेट्रोल पाऊण किलोसुद्धा भरत नाही. त्यातून सव्वादोन किलो वायू निघतो म्हणता, हे कसं?

या प्रश्नावर मी खूश होतो, कारण विचारणारा आकडेमोड करत असतो. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचं वजन १२, दोन ऑक्सिजनचं ३२. म्हणजे १२ चे ४४ झाले. ६४० ग्रॅमला त्यानं गुणलं की सव्वादोन किलोच्या थोडं वरच जातं. वजनाचा मोठा भाग गाडीनं वाटेत हवेतून उचललेला असतो. घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून याच हिशोबानं ४२ किलोच्या आसपास निघतो.

हवेत जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्याशानं काय होणार?

पांढरे कपडे धुताना बादलीभर पाण्यात निळीचे किती थेंब टाकता? पाणी स्वतः रंगहीन असतं, म्हणून चार थेंबांत बादली निळी होते. हवेचंही तसंच. नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के, पण जमिनीवरून वर जाणाऱ्या उष्णतेच्या किरणांना ते काहीच करत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ही हवा पारदर्शक. अडवणारे वायू मोजकेच, आणि त्यांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा.

हे आजकालच्या कोणा संघटनेनं काढलेलं नाही. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं जास्त तापतं हे दाखवलं. त्यांचा निबंध सभेत वाचला एका पुरुषानं. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी उष्णतेचे किरण कोणता वायू किती शोषतो हे मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्टे अऱ्हेनियस यांनी हातानं आकडेमोड करून सांगितलं, की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज तीनच्या आसपास आहे, म्हणजे त्यांचा आकडा चढाच होता, पण दिशा बरोबर होती. ऊब वाढली तर बरंच, असंही त्यांना वाटायचं. स्वीडनमधल्या थंडीत बसून वेगळं काय वाटणार!

पाण्याची वाफ त्याहून जास्त उष्णता अडवते. तिला का कोणी दोष देत नाही?

वाफ अडवते, अगदी खरं. पण ती हवेत आठ-दहा दिवस टिकते, मग पाऊस होऊन खाली येते. हवेत किती वाफ मावेल हे तापमान ठरवतं. एका अंशामागे साधारण ७ टक्के जास्त. कार्बन डायऑक्साइडनं थोडं तापवलं की वाफ वाढते, वाफेनं आणखी तापतं. पाठीराखी आहे ती, पुढारी नाही.

सूर्यच जास्त तापला असेल तर?

उपग्रह १९७८ पासून मोजतायत. अकरा वर्षांचं चक्र सोडलं तर सूर्य वाढत्या दिशेला गेलेला नाही. शिवाय सूर्यानं तापवलं असतं तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, स्थितांबर, थंड होतोय. गोधडी पांघरल्यावर खाली ऊब आणि वरून गार, तसं.

हवामान आधीही बदलायचं. आणि बर्फाच्या नोंदीत आधी तापमान वाढतं, मग वायू. हे उलटं नाही झालं?

बर्फाबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे, आणि ते शास्त्रज्ञांनीच छापलेलं आहे. लपवलेलं काही नाही. हिमयुगं यायची-जायची ती पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षात होणाऱ्या सावकाश बदलांमुळे. थोडं तापलं की समुद्रातून वायू बाहेर यायचा, गोटी सोड्याची बाटली उन्हात राहिल्यावर फसफसते तसा. मग त्या वायूनं आणखी तापायचं. कोंबडी आधी की अंडं असा हा प्रकार नाही, दोन्ही एकमेकांना वाढवतात. त्या वेळी सुरुवात कक्षेनं केली, या वेळी आपण वायूनं केली.

वेगाचा फरकही बघा. शेवटचं हिमयुग संपताना जग पाचेक अंशांनी तापलं, त्याला दहा हजार वर्षं लागली. गेल्या दीडशे वर्षांत सव्वा अंशाच्या वर झालंय, आणि त्यातलं बहुतेक गेल्या पन्नास वर्षांतलं. जंगलात आधीही आगी लागायच्या. म्हणून काडी लावणाऱ्याला कोणी सोडून देत नाही.

निफाडला पारा चार-पाचवर येतो. कुठे आहे तापमानवाढ?

निफाड तालुक्यातल्या माणसाला मी लासलगावचं उदाहरण देतो. एखाद्या मंगळवारी कांदा सातशेनं गेला, तर त्यावरून दहा वर्षांचा कल कळतो का? पाऊस, थंडी हा त्या दिवशीचा भाव. हवामान म्हणजे तीसेक वर्षांची सरासरी. थंडीच्या लाटा येत राहतील.

तापमान मोजणारी ठाणी शहरांत आहेत, शहरं सिमेंटनं तापली. आकडे फुगलेले नाहीत?

हाच संशय रिचर्ड म्युलर या बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञाला होता. त्यानं स्वतःचा गट जमवला आणि जगभरच्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या. पैसे देणाऱ्यांत कोळसा-तेलाच्या धंद्यातल्या कोक कुटुंबाचं एक प्रतिष्ठानही होतं. २०११-१२ मध्ये निकाल आला: शहरी ठाणी वगळली तरी वाढ तेवढीच. म्युलरनं मत बदलल्याचं जाहीर लिहून टाकलं. मला हा माणूस आवडतो. संशय घ्यावा तर असा, स्वतः मोजायची तयारी ठेवून.

‘९७ टक्के शास्त्रज्ञ सहमत’ हा आकडा खरा आहे का?

खरा आहे, पण लोक तो चुकीचा सांगतात. २०१३ मध्ये जवळपास १२ हजार शोधनिबंधांचे सारांश तपासले गेले. त्यांतल्या दोन-तृतीयांश सारांशांत कारणाबद्दल काही म्हटलेलंच नव्हतं. ज्यांत म्हटलं होतं, त्यांतल्या ९७ टक्क्यांनी माणसाला जबाबदार धरलं. विरोधक या दोन-तृतीयांशांवर बोट ठेवतात. पण फुलांच्या परागीभवनावरच्या निबंधाचा लेखक पृथ्वी गोल असल्याचं तरी कुठे लिहितो? माझं मत विचाराल तर या आकड्याच्या नादी लागूच नये. विज्ञान हात वर करून ठरत नाही. नळकांडी आणि बर्फ बोलतायत तेवढं पुरे.

हिमालयाचं काय झालं होतं? २०३५ पर्यंत हिमनद्या संपणार म्हणाले होते ना?

म्हणाले होते, आणि चुकले होते. हे प्रकरण भारतात घडलेलं, म्हणून सविस्तर सांगतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात, आशियावरच्या प्रकरणात एक वाक्य होतं: हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्ही. के. रैना यांचा अहवाल बाहेर आणला. रैना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले, आयुष्य हिमनद्यांवर चालण्यात गेलेलं. त्यांचं म्हणणं, की हिमनद्या मागे सरकतायत, पण वेगात अजब असं काही दिसत नाही. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी चिडले, आणि या अहवालाला त्यांनी जादूटोण्याच्या विज्ञानात काढलं.

दोन महिन्यांत वाक्याचा माग लागला. ते आलं होतं एका पर्यावरण संस्थेच्या अहवालातून, तिथे ते आलं होतं एका मासिकातल्या मुलाखतीवरून. तपासलेला शोधनिबंध कुठेच नव्हता. जुन्या एका अहवालात २३५० असं साल होतं, त्याचंच कुठेतरी २०३५ झालं असावं असं बहुतेकांचं मत. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनं चूक मान्य करून खेद व्यक्त केला.

चूक लाजिरवाणी होतीच. त्याहून लाजिरवाणा होता तो पचौरींचा तोरा. पण दोन गोष्टी विसरू नका. चूक शोधली ती हिमनद्यांच्याच अभ्यासकांनी. आणि हिमनद्या वितळतायत हे त्यानं खोटं ठरलं नाही. काठमांडूच्या इसिमोड या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला एक-तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल. २०३५ ला नाही, आणि सगळा नाही. त्यानंच पुरेशी झोप उडायला हवी.

मग शास्त्रज्ञांत वाद उरलाय तरी कशावर?

भरपूर गोष्टींवर. वायू दुप्पट झाला तर किती तापेल? १९७९ मध्ये उत्तर होतं दीड ते साडेचार अंश. २०२१ च्या आयपीसीसी अहवालात ते अडीच ते चारवर आलं. बेचाळीस वर्षांत एवढंच अरुंद झालं, कारण ढग. खालचे जाड ढग ऊन परतवतात, वरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि जग तापल्यावर कोण किती वाढेल हे सांगणं अवघड.

आपल्यासाठी सगळ्यात अवघड प्रकरण मान्सून. सोपा हिशोब असा, की तापलं म्हणजे वाफ जास्त, म्हणून पाऊस जास्त. पण आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केंद्र सरकारसाठी तयार केलेल्या अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के घटल्याचं दिसतं. का? एक कारण म्हणजे आपलाच धूर आणि धूळ: सूर्यप्रकाश अडतो, जमीन कमी तापते, आणि समुद्रावरून वारा ओढण्याचा तिचा जोर कमी होतो. दुसरं कारण तापलेला हिंदी महासागर. तो याच काळात सुमारे एका अंशानं तापला. जमीन आणि समुद्र यांच्यातला जो फरक मान्सूनला ओढून आणतो, तोच कमी झाला. पुढे हवा स्वच्छ होत गेली की पाऊस वाढेल असा बहुतेक अंदाज आहे, पण कुठल्या तालुक्यात किती, हे छातीठोकपणे सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

त्याच अहवालात एक आकडा मात्र शेतकऱ्याला न सांगताच पटतो. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळण्याचे प्रसंग १९५० नंतरच्या पासष्ट वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. एकूण कमी, पण पडला की झोडपून. जूनमध्ये पेरणी करून आभाळाकडे बघत बसायचं आणि सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात उभं.

म्हणजे २६ जुलै आणि चिपळूणचा पूर हवामान बदलानंच आला?

एवढं सरळ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्या आतच. एवढ्या छोट्या जागेवर फुटलेल्या ढगाचं खापर एकट्या कार्बन डायऑक्साइडवर फोडता येत नाही. आणि पाणी मुंबईत तुंबलं ते मिठी नदीचा गळा कोणी आवळला म्हणून, हेही मुंबईकराला सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर कोसळला आणि चिपळूण बुडालं. अशा पावसाची शक्यता तापमानवाढीमुळे वाढते, एवढं म्हणता येतं. एखाद्या पुढाऱ्यानं नाल्यावरच्या बांधकामाचा प्रश्न आल्यावर ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणून हात झटकले, तर त्याला सोडू नका.

अरबी समुद्राबद्दल जास्त ठामपणे बोलता येतं. २००१ ते २०१९ या काळात तिथली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा जवळपास निम्म्यानं वाढली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं. नंतर मी श्रीवर्धनच्या एका वाडीत गेलो होतो. सुपारीची झाडं एकाच दिशेला, केस विंचरल्यासारखी आडवी. मालक म्हणाले, ‘आजोबांनी लावलेली. आता मी लावीन ती नातवाला.’ एवढंच बोलले आणि चहा टाकायला आत गेले.

हा वायू पिकांचं अन्न आहे. वाढला तर शेतीला चांगलंच की!

अर्धं खरं आहे. भात, गहू, तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस यांना जादा वायूचा फायदा होतो. हरितगृहवाले तो मुद्दाम सोडतात. उपग्रहांनाही पृथ्वी पूर्वीपेक्षा हिरवी दिसते, आणि त्याचं मोठं कारण हाच वायू.

पण ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानांत वायू साठवून घेण्याची वेगळी सोय असते, त्यांना जादा वायूचं फारसं अप्रूप नाही. म्हणजे आपल्या कोरडवाहू माणसाच्या भाकरीला फायदा नाही, तोटा मात्र तापमानाचा आणि पावसाचा. दुसरं, वाढ होते ती पिष्टाची. ५५० च्या आसपासच्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त नऊ टक्क्यांच्या आसपास कमी भरलं, प्रथिनंही उतरली. पोतं भरतं, अंगाला कमी लागतं. आणि उष्णता? मार्च २०२२ हा भारतातला १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला. उत्तरेत गव्हाचा दाणा भरायच्या आतच सुकला, आणि १३ मे ला सरकारनं निर्यात बंद केली. त्या वर्षी हवेत पिकांचं अन्न कमी नव्हतं.

एवढं स्पष्ट असेल तर लोकांच्या मनात शंका कोणी पेरली?

सगळी शंका पेरलेली नसते, काही आपसूक उगवते. पण पेरणीही झालीय. एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून वरिष्ठांना सांगितलं होतं, की तेल-कोळसा जाळून जग तापेल. त्यांनी काढलेले अंदाज २०२३ मध्ये तपासले गेले, तर बहुतेक प्रत्यक्षाशी जुळले. बाहेर मात्र कंपनी अनेक वर्षं ‘अजून नक्की काही नाही’ असंच सांगत राहिली. सिगारेटवाल्यांनी कॅन्सरबद्दल जे केलं तेच. आपल्याकडे अशी मोहीम कोणी चालवली नाही. तिकडचंच भाषांतर होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सकाळचा सुविचार’च्या शेजारी येऊन पडतं.

धूर केला अमेरिकेनं, आपण का सोसायचं?

हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. आणि तो नवा नाही. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं, की गरिबी हीच मोठी प्रदूषक नाही का. १९९१ मध्ये दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एका अमेरिकन संस्थेच्या हिशोबाची चिरफाड केली. त्या संस्थेनं भारताला मोठ्या दोषींच्या यादीत बसवलं होतं. या दोघांचा सवाल असा: बंगालच्या भातखाचरातून निघणारा मिथेन आणि अमेरिकेतल्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसे तोलता? एक जगण्याचा, दुसरा चैनीचा. १९९२ मध्ये रिओत जगानं मान्य केलं, की जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही.

आजचे आकडे असे. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास पाव हिस्सा अमेरिकेचा, भारताचा तीन-चार टक्के. वर्षाला माणशी अमेरिका १४ टनांच्या आसपास, चीन ८, भारत २. पण देश म्हणून आजच्या घडीला चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच नंबर.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान मोदींनी २०७० पर्यंत निव्वळ शून्याचं, म्हणजे जेवढा सोडू तेवढा शोषलाही जाईल याचं, वचन दिलं. त्याच परिषदेत शेवटच्या तासात कोळसा ‘बंद करण्या’ऐवजी ‘कमी करण्या’चा शब्द भारतानं घालायला लावला, आणि अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा व्यासपीठावरच दाटून आला. पाश्चात्त्य पत्रकारांनी आपल्याला झोडलं. मला त्यात भारताची बाजू पटते, कारण तेल आणि वायूबद्दल तसं वाक्य कोणी लिहीत नव्हतं. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेनं तापमानवाढ रोखण्यासाठीच्या पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा हुकूम काढला.

तरी एक चिमटा काढतोच. माणशी दोन टन ही सरासरी मुंबईतल्या श्रीमंत मलबार हिलची आणि नंदुरबारमधल्या आदिवासी धडगावची मिळून आहे. परिषदेत आपण धडगावच्या नावानं भांडतो. घरी येऊन तिसरी गाडी कोण घेतं?

कोळसा थांबवला तर वीज कुठून आणायची? चंद्रपूरच्या लोकांनी काय करायचं?

उद्या थांबवा असं कोणी शहाणा म्हणत नाही. देशात तयार होणाऱ्या विजेतली तीन-चतुर्थांशाच्या जवळपास अजून कोळशाचीच. २०२५ मध्ये बिगर-कोळसा-तेल क्षमता निम्म्यावर गेल्याची बातमी आली, पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सूर्य संध्याकाळी सातला घरी जातो, आणि तेव्हाच सगळे दिवे लागतात.

राज्यात सौरऊर्जेचं खरं कौतुक मी ऐकलं ते शेतकऱ्याकडून, आणि त्यात कार्बनचा उल्लेखही नव्हता. दिवसा वीज मिळाली की रात्री दोनला बॅटरी घेऊन बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र, त्याच्या भोवतीच्या खाणी, ट्रकवाले, खानावळी यांचं पुढे काय, याचं उत्तर मात्र मला कुठल्याच भाषणात मिळालेलं नाही. माझ्याही नाही.

झाडं लावली की झालं ना?

लावा, पण हिशोब करून. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची मोहीम झाली. समजा सगळीच जगली, मोठी झाली आणि प्रत्येकानं वर्षाला, उदारपणे, २० किलो वायू शोषला. झाले ६६ लाख टन. देश वर्षाला ३०० कोटी टन सोडतो. एक टक्क्याचा पाव भागही होत नाही. झाड सावलीसाठी, पाखरांसाठी, ओढ्याच्या काठाची माती धरण्यासाठी लावावं.

तुम्ही स्वतः एसी वापरता का?

हा प्रश्न शेवटी येतो, आणि विचारणारा हसत असतो. हो, वापरतो. आईच्या खोलीत एक आहे. तिचं वय ८४, आणि पहिल्या मजल्यावरचं आमचं घर एप्रिलमध्ये रात्री अकरालाही भट्टीसारखं असतं. रात्रभर चालला तर सातेक युनिट जातात. आपल्याकडच्या विजेच्या युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम धरले, तर रात्रीला पाच किलो. मी तो २६ वर ठेवतो. आई म्हणते, २४ कर.